आठवड्याला एक पान: इंग्रजी साहित्य-इतिहासातले छोटे उतारे वाचायला सुरुवात कशी करावी

मराठी माध्यमात शिकलेल्या, ऑफिसात ईमेल-बिमेल व्यवस्थित लिहिणाऱ्या कितीतरी जणांची एक ठरलेली गत असते. एखाद्या मे महिन्यात ते मनावर घेतात, आता इंग्रजी पुस्तक वाचायचंच. मग अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड कादंबरी घरी येते. पहिल्या दहा पानांवर पेन्सिलीच्या रेघा पडतात, रेघांवर बारीक अक्षरात अर्थ लिहिले जातात. अकराव्या पानावर खूण म्हणून बसचं तिकीट अडकवलं जातं आणि ते पुढची कित्येक वर्षं तिथेच राहतं. माझ्या पुस्तकातलं तिकीट पीएमटीचं आहे, यावरून काळ ओळखा.

दोष मापाचा असतो. पोहायला शिकणारा पोरगा पाठीला डबा बांधून विहिरीत उतरतो. त्याला कुणी उजनीच्या धरणात नेऊन सोडत नाही. इंग्रजी वाचनाची विहीर म्हणजे एक पान. तेही रोज नवं नको. एकच पान, आठवडाभर, चार वेळा. खाली जी पद्धत सांगतो आहे ती एवढ्यावरच उभी आहे.

पहिली पायरी: मापाचा उतारा

दीडशे ते तीनशे शब्द पुरेत. फोनच्या पडद्यावर दोन-तीनदा बोट सरकवलं की संपेल एवढं. त्यातले पहिले शंभर शब्द वाचा आणि अजिबात न कळलेले शब्द बोटांवर मोजा. एक हात पुरला तर उतारा तुमचा. दुसऱ्या हाताची बोटं लागायला लागली, तर सध्या बाजूला ठेवा. चार महिन्यांनी तोच उतारा सोपा वाटेल.

दोन्ही हात पुरले नाहीत, तर खास शिकणाऱ्यांसाठी सोप्या शब्दांत लिहिलेल्या पुस्तिकांपासून सुरुवात करा. त्यात कसलीही लाज नाही. मुळात या पुस्तिकांची कल्पना रुजवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, तो मायकेल वेस्ट 1920च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होता. बंगालमधली मुलं अर्ध्यात शाळा सोडतात आणि त्यांच्या पदरात इंग्रजीचं काहीच पडत नाही, हे त्याने पाहिलं. निदान वाचता तरी यावं, म्हणून त्याने जुन्या गोष्टींतले दुर्मीळ शब्द काढून तिथे रोजचे शब्द घातले आणि नवे शब्द थोडे थोडे करून आणले. 1953 साली त्याने सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे 2000 शब्दांची यादीही छापली. थोडक्यात, ही युक्ती आपल्यासारख्यांच्याच वर्गात तयार झालेली आहे.

बाकी, हक्क संपलेली जुनी इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर फुकट मिळतात. 1971 साली मायकेल हार्टने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतः टाइप करून तिथली सुरुवात केली. पैसे, नोंदणी, काही लागत नाही.

दुसरी पायरी: गोष्ट आधी मराठीत माहीत करून घ्या

हे ऐकून काही शिक्षक नाक मुरडतात. त्यांना वाटतं, गोष्ट आधीच कळली तर वाचायचं काय? पण कीर्तनाला जाणाऱ्या प्रत्येकाला आख्यानाचा शेवट माहीत असतोच की. बुवा ते कसं सांगतात, हे ऐकायला माणसं बसतात. तसंच इथे. घटना डोक्यात पक्की असली की मन 'पुढे काय झालं' यात अडकत नाही, 'हे कसं म्हटलंय' याकडे जातं. भाषा तिथेच शिकली जाते.

म्हणून मी नव्या माणसाला पहिला उतारा इतिहासातला देतो. साल 1666. आपल्याला हे साल म्हटलं की आग्रा आठवतं. महाराज तिथून निसटले तो ऑगस्ट महिना. त्याच्या पुढच्याच महिन्यात लंडन जळालं. 2 सप्टेंबरच्या रविवारी पहाटे पुडिंग लेन नावाच्या गल्लीत थॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली. घरं लाकडी, गल्ल्या अरुंद, उन्हाळा कोरडा आणि वारा पूर्वेचा. चार दिवसांत सुमारे 13,200 घरं, 87 चर्च आणि सेंट पॉलचं जुनं कॅथीड्रल भस्मसात झालं.

ही आग डोळ्यांनी पाहून त्याच दिवसांत लिहून ठेवणारा माणूस म्हणजे आरमाराच्या कचेरीतला एक अधिकारी, सॅम्युअल पीप्स. वय तेव्हा 33. आडनावाचं स्पेलिंग पी-ई-पी-वाय-एस, पण उच्चार पीप्स. साइटवर शोधताना हे लक्षात असू द्या. त्याने 1 जानेवारी 1660 ते 31 मे 1669 रोजनिशी लिहिली, तीही लघुलिपीत. आपण आंधळे होणार या भीतीने त्याने ती थांबवली. आंधळा तो झाला नाही, पण रोजनिशी परत सुरूही केली नाही, आणि ही माझी त्याच्याबद्दलची मोठी तक्रार आहे.

तिसरी पायरी: चार वाचनं

पहिलं वाचन सोमवारी, शब्दकोशाला हात न लावता. कोण, कुठे, कधी, काय झालं, एवढंच हुडका. पीप्सच्या 2 सप्टेंबरच्या नोंदीची सुरुवात अशी: त्या दिवशी घरी मेजवानी होती म्हणून मोलकरणी रात्री उशिरापर्यंत जागून तयारी करत होत्या, जेन नावाच्या मोलकरणीने पहाटे तीनच्या सुमाराला नवरा-बायकोला उठवून शहरात मोठी आग दिसतेय असं सांगितलं, पीप्स तिच्या खिडकीशी गेला, आग बरीच लांब आहे असं त्याला वाटलं, आणि तो परत झोपला. अख्ख्या लंडनच्या इतिहासातली सर्वांत मोठी आग, आणि गडी झोपला! एवढं पहिल्या फेरीत कळलं तरी काम झालं.

दुसरं वाचन बुधवारी, आणि याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. शाळेत संस्कृतच्या बाई श्लोकाचा अन्वय लावायला शिकवायच्या: आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग बाकीची मंडळी. तेच इथे करायचं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे मराठी डोळा नकळत शेवटापर्यंत वाट पाहत राहतो. इंग्रजी वाक्य कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद देऊन मोकळं होतं आणि मग शेपूट वाढवत नेतं. लांब वाक्यात आपण गुदमरतो ते याच कारणाने.

पीप्सचं पहिलंच वाक्य घ्या. 'सम ऑफ अवर मेड्स सिटिंग अप लेट लास्ट नाइट टू गेट थिंग्ज रेडी अगेन्स्ट अवर फीस्ट टुडे', इथपर्यंत आलं तरी मुख्य क्रियापद आलेलंच नाही. 'सिटिंग अप' हे ते नव्हे. ते आपल्या 'जागत बसलेल्या असताना' सारखं आहे. खरं क्रियापद पुढे येतं: 'जेन कॉल्ड अस अप'. हे एक सापडलं की वाक्याची गाठ सुटते. पेन्सिलने त्या क्रियापदाभोवती गोल करा. प्रत्येक वाक्यात एक गोल, बस्स. पीप्स 'अँड'ला 'अँड' जोडत मारुतीच्या शेपटासारखी वाक्यं लांबवतो, त्याच्या एका वाक्यात चार-पाच गोल होतील. घाबरू नका, तोडून चार-पाच वाक्यं करा.

तिसरं वाचन शुक्रवारी, आता शब्दकोश उघडा. आणि इथे सवय लावून घ्या की सुटा शब्द कधी शोधायचा नाही, त्याच्या शेजाऱ्यासकट शोधायचा. 'कॉल' सगळ्यांना येतं, 'अप' सगळ्यांना येतं. पण 'कॉल्ड अस अप' म्हणजे आज कुणी 'आम्हाला फोन केला' असं समजेल. पीप्सच्या काळात त्याचा अर्थ 'हाक मारून उठवलं'. 'अगेन्स्ट' म्हणजे विरुद्ध, हे आपण चौथीपासून घोकलंय. इथे कुणाच्या विरुद्ध काही नाही. मेजवानीच्या वेळेपर्यंत तयारी व्हावी, एवढंच. 'स्लिप्ड ऑन माय नाइटगाऊन' यात घसरण्याचा संबंध नाही, अंगावर पटकन अडकवला.

या उताऱ्यात आपल्यासाठी एक खास गंमतही आहे. आग मार्क लेनच्या 'बॅकसाइड'ला असावी, असं पीप्स लिहितो. 'बँकेच्या बॅकसाइडला पार्किंग आहे' असं म्हणणाऱ्या आपल्या लोकांना कॉन्व्हेंटवाले हसतात, कारण आजच्या इंग्लंडात तो शब्द माणसाच्या बसण्याच्या जागेसाठी वापरतात. पण 1666 साली लंडनचा एक शिकलासवरला अधिकारी तो अगदी आपल्यासारखाच वापरत होता. आज परदेशात बोलताना मात्र टाळलेला बरा.

चौथं वाचन रविवारी, मोठ्याने. घरात कुणी हसत असेल तर गच्चीवर जा.

हा उतारा पचला की त्याच नोंदीत पुढे जा. तिथे कबुतरं आहेत. घर सोडायला ती 'लोथ' होती, म्हणजे त्यांचा पाय निघत नव्हता. खिडक्यांभोवती घिरट्या घालत राहिली आणि पंख जळून खाली पडली. एवढ्या हाहाकारात या माणसाचं लक्ष कबुतरांकडे गेलं. दोन दिवसांनंतरच्या, 4 सप्टेंबरच्या नोंदीत तो बागेत खड्डा खणून आपली वाइन आणि पार्मेझान चीज पुरतो. आपल्याकडे कुणी घर सोडून पळताना लोणच्याची बरणी पुरावी, तसं. असा तपशील आला की तो शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही.

चौथी पायरी: वही

वहीत आठवड्याला तीन, फार तर पाच नोंदी. जास्त लिहिलं की वही होते आणि वाचन राहतं. नोंद सुट्या शब्दाची नको, अख्ख्या तुकड्याची हवी, आणि समोर शब्दकोशातला अर्थ नको. तुम्ही तुमच्या घरी ते कसं म्हणाल ते लिहा. त्याच आगीत लंडनचा महापौर घरं पाडून आग अडवायचा राजाचा हुकूम ऐकून हताशपणे म्हणतो, 'आय अ‍ॅम स्पेंट: पीपल विल नॉट ओबे मी.' शब्दकोश म्हणेल, स्पेंट म्हणजे खर्च झालेला. वहीत लिहा: 'माझा पार पिट्टा पडलाय, लोक ऐकतच नाहीत.' इथे 'विल नॉट' म्हणजे पुढे ऐकणार नाहीत असा भविष्यकाळ नाही, आत्ताचा हट्ट आहे. 'मुलगा जेवतच नाही' मध्ये जो 'च' आहे ना, तो. व्याकरणाच्या पुस्तकात हा 'विल' कुठेतरी कोपऱ्यात असतो. महापौराच्या तोंडून ऐकला की कायमचा बसतो.

दोन दिवस गेले की इंग्रजी झाका आणि आपल्या मराठीवरून ते वाक्य पुन्हा इंग्रजीत लिहा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांच्या घरात होती त्यांना हा व्यायाम नवा नाही. बेंजामिन फ्रँकलिनही बॉस्टनला भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना असंच करायचा: 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकातल्या निबंधांची त्रोटक टिपणं काढायची, काही दिवस बाजूला ठेवायची, मग मूळ न बघता निबंध पुन्हा लिहायचा आणि चुका ताडून पाहायच्या. आपल्या चुका कुठे निघतील ते मी आत्ताच सांगतो: 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द'. मराठीत हा प्रकारच नसल्यामुळे ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. नियम पाठ करून हे सुधारत नाही. ताडून पाहताना दहा वेळा जीभ चावली की सुधारतं.

अख्खा उतारा भाषांतराच्या यंत्रात टाकायचा मोह होईल. तिसऱ्या वाचनानंतर टाका, खुशाल टाका. पण त्याआधी नाही.

पाचवी पायरी: कान

लिब्रिव्हॉक्सवर 2005 पासून हौशी मंडळी जुनी पुस्तकं मोठ्याने वाचून फुकट ठेवताहेत. वाचणारे जगभरचे, त्यामुळे उच्चार सरमिसळ. एक आवडला नाही तर दुसरा ऐका. रविवारच्या वाचनाआधी एकदा ऐकलं की 'टेम्स' नदीला 'थेम्स' म्हणायची वेळ येत नाही.

यानंतर काय वाचायचं

पीप्सचे तीन-चार तुकडे झाले की माझा क्रम साधारण असा असतो. तुमचा वेगळा झाला तरी चालेल.

आधी एक जोडी. 15 एप्रिल 1802 रोजी डोरोथी वर्ड्सवर्थ आणि तिचा भाऊ विल्यम अल्सवॉटर सरोवराच्या काठाने चालले होते. पाण्याकाठी डॅफोडिलची फुलं होती. डोरोथीने रोजनिशीत लिहिलं की काही फुलांनी दमून दगडांवर उशीसारखी डोकी टेकली होती आणि बाकीची 'टॉस्ड अँड रील्ड अँड डान्स्ड'. विल्यमची कविता 1807 साली छापून आली. आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेत पाठ केली आहे. त्यातही फुलं मान उडवत नाचतात. आधी बहिणीचं गद्य वाचा, मग भावाची कविता, आणि कोणते शब्द दोघांत आहेत ते शोधा. कवितेच्या पहिल्याच ओळीत तो ढगासारखा एकटा भटकत होता म्हणतो. बहीण बरोबर होती की! अशी भांडणं मनात सुरू झाली की समजा तुम्ही इंग्रजी वाचायला लागलात.

मग लिंकन. 19 नोव्हेंबर 1863 रोजी गेटिसबर्गला, यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीवर केलेलं भाषण. जेमतेम 270 शब्द. त्याच्या आधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच लिंकनला पत्र लिहून कबूल केलं की दोन मिनिटांत तुम्ही जे साधलंत त्याच्या जवळपास मी दोन तासांत पोचलो असतो तरी धन्य झालो असतो. भाषणाची सुरुवात होते 'फोर स्कोअर अँड सेव्हन इयर्स अगो'ने. 'स्कोअर' म्हणजे वीस. आपल्या जुन्या माणसांची विसावर मोजायची रीत ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे पटकन कळेल: चार विसा आणि सात, म्हणजे 87. 1863 मधून 87 वजा करा, 1776 येतं, अमेरिकेच्या जाहीरनाम्याचं साल. हा उतारा मात्र पाठच करा. वाक्यांचा ठेका तोंडात बसण्यासारखा आहे.

मुंबईकरांनी पुन्हा पीप्सकडे यावं. मे 1663 मधल्या एका नोंदीत तो चिडून लिहितो की पोर्तुगीजांनी मुंबई बेटाच्या बाबतीत आम्हाला 'चाउस्ड' केलं. म्हणजे टोपी घातली. हा शब्द आज कुणी वापरत नाही, वहीत उतरवू नका. झालं असं की 1661च्या लग्नाच्या तहात दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण मिळाली, पण इंग्रजांचं आरमार ताबा घ्यायला आलं तेव्हा इथला पोर्तुगीज गव्हर्नर काही ना काही सबब सांगून बेट सोडेना. पुढे 1668 साली राजाने तेच बेट वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. ही पार्श्वभूमी माहीत असली की जुनं इंग्रजी असूनही उतारा सरळ जातो.

कंटाळा आलेल्या आठवड्यात सॅम्युअल जॉन्सनचा 1755चा शब्दकोश उघडा. एका ओळीचं वाचन. ओट्स म्हणजे काय? इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं ज्यावर जगतात ते धान्य. डायटच्या नावाखाली सकाळी ओट्स खाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

गोष्टींत पहिली ऑस्कर वाइल्डची 1888 मधली आनंदी राजपुत्राची, कारण त्यात 'स्वॉलो, स्वॉलो, लिटल स्वॉलो' हे पालुपद ध्रुवपदासारखं परत परत येतं आणि प्रत्येक वेळी श्वास घ्यायला जागा मिळते. ती लांब आहे, दहा-बारा तुकडे करा. त्यानंतर साकीची उघड्या खिडकीची गोष्ट. तिच्या शेवटच्या वाक्यात 'रोमान्स' शब्द आहे आणि तिथे प्रेमाचा काडीमात्र संबंध नाही; मनाने कथा रचणं, हा त्याचा जुना अर्थ माहीत नसेल तर अख्ख्या गोष्टीची मजा शेवटच्या ओळीत जाते.

काही गोष्टी सुरुवातीला टाळाच. ओ. हेन्रीची नाताळच्या भेटीची गोष्ट सगळे नव्या वाचकाच्या हातात देतात. पहिली दोन-तीन वाक्यं खरंच सोपी आहेत: एक डॉलर 87 सेंट, बस्स एवढेच. (हा 87 माझी पाठ सोडत नाही.) पण लगेच पुढे लेखक विनोदासाठी मुद्दाम भारदस्त शब्द वापरायला लागतो आणि त्यातला विनोद कळायला आधी साधा शब्द कोणता असता ते माहीत हवं. सहा महिन्यांनी वाचा. बेकनचे निबंध एक-दोन पानांचेच असतात, पण प्रत्येक वाक्य म्हणजे दगडी चणा. आखूड आहे म्हणून फसू नका. शेक्सपिअर वाचायची घाई असेल तर चार्ल्स आणि मेरी लँब या भावाबहिणीने 1807 साली त्याच्या नाटकांच्या गद्य गोष्टी करून ठेवल्या आहेत. त्याही आता जुन्या वाटतात, पण नाटकापेक्षा पुष्कळ सुसह्य.

एखादा आठवडा चुकला तर दोन पानं करून भरपाई करू नका. तेच पान पुढच्या आठवड्यात. आणि उतारा अगदीच नीरस वाटला तर तिसऱ्या वाचनाआधी सोडून द्यायला हरकत नाही. तिसऱ्यानंतर मात्र पूर्ण करा, कारण कष्टाचा भाग तोवर होऊन गेलेला असतो.

आज रात्री पीप्सची 2 सप्टेंबर 1666ची नोंद उघडा. पूर्ण नोंद बरीच लांब आहे, तिच्या नादी लागू नका. मोलकरणी जागत बसल्या तिथपासून पीप्स पुन्हा पलंगावर आडवा झाला तिथपर्यंतच वाचा. तो झोपला की फोन ठेवा आणि तुम्हीही झोपा.